खेळ माझोच आसा

बर्फाच्या कारखान्यातल्या बोनसमधून
रत्नागिरीहून एक खेळ आणला.
डबा मोठा. आत तबकडी नव्हती,
एक कार्ड होतं, पंचवीस अक्षरांचं, नखानं खरवडायचं.
खरवडताना शेवटचं अक्षर अर्धं गेलं,
शून्य होतं की ओ, अजून वाद आहे.

खेळ होडीचा.
तारामुंबरीच्या माणसानं होडीचा खेळ विकत घ्यावा,
यावर घरी पोट धरून हसून झालं.
बंदीचे दिवस. होड्या वर ओढलेल्या, झावळ्यांखाली.
दादा जाळं सांधत बसलेला, म्हणाला,
"भायलो समुद्र बंद, तर घरातलो उघड."

उघडला. खेळ म्हणाला:
आपण खरे मालक आहात याची खात्री करत आहोत.
गोल चाक फिरत राहिलं.
भरती आली, ओहोटी लागली, चाक फिरत राहिलं.

मग लॅपटॉप युरियाच्या गोणीत गुंडाळून
जामसंड्याच्या सड्यावर गेलो.
टॉवर समोर, पाऊस आडवा, कातळ निसरडा.
बाबी कोयंडे गुरं घेऊन आला.
"काय रे, हंय काय करतंस?"
"खेळ माझोच आसा, तां सांगूक इलंय."
"कोणाक?"
"खेळाक."
बाबीनं गुरांकडे बघितलं. गुरांनी माझ्याकडे.

दर सात दिवसांनी हे.
आणि इम्तियाजकडे तोच खेळ, कुलूप फोडलेला,
टिचकी मारली की उघडतो, नावगाव विचारत नाही.
चोर सोडून संन्याशाला फाशी,
दोराचे पंधराशे संन्याशानं आधीच भरलेले.

होडी मिळाली. वल्हं मिळालं, एक.
नांगर एकशे एकोणऐंशीला.
दीपगृह लांबून दिसतं, पण पेटत नाही,
पेटवायचे वेगळे.
वादळ हवं तर वादळाचा संच,
सणाची सूट धरून तीनशे.
हे ऐकून दादा सुई हातात धरून
कितीतरी वेळ हसला, मग गप्प झाला.
त्याची एक होडी गेली होती वादळात. फुकट.

बंदराचं तोंड ओलांडलं की पाणी राखाडी होतं,
मधोमध लहानसं कुलूप.
पलीकडचा समुद्र स्वतंत्र.

रुक्मिनमावशी वाटा लावते तेव्हा
डोकं वेगळं, शेपटी वेगळी, असं विकत नाही.
घासाघीस संपली की पिशवीत
वर दोन बांगडे टाकते, आणि वर एक शिवी.
वर टाकणं म्हणजे काय
ते खेळ बनवणाऱ्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

लाजत सांगतो, मी भरले. नांगराचे भरले,
दीपगृहाचेही. कुलपाचे भरणारच होतो,
इतक्यात खेळानं कळवलं:
ही सेवा येत्या तीस तारखेपासून बंद होत आहे.
आपल्या प्रेमाबद्दल आभार.

शेवटचा सड्यावर गेलो.
चाक फिरत राहिलं.
खेळ माझा का, हे विचारणारंही
आता पलीकडे कोणी नव्हतं.

नारळी पौर्णिमा झाली, दादानं होडी लोटली.
तन्वेशला घेतलं, पहिल्यांदाच. वय सात,
सगळा खेळ माझ्या मांडीवर बसून बघितलेला.
जेटीवर कार्ड दाखवलं, टोकन घेतलं,
खऱ्या होडीलाही कागद लागतात, नाही कसं म्हणू.
खाडीच्या तोंडाशी फेस दिसला
तसा त्यानं माझा सदरा घट्ट धरला
आणि वाकून पाण्यात शोधत राहिला.
"काका, कुलूप खंय आसा?"

दादानं इंजिनाचा कान पिळला.
मी सांगणार होतो काहीतरी.
तेवढ्यात होडी उचलली गेली, आपटली,
आणि तिघांच्याही तोंडात खारं पाणी,
वर टाकलेलं.